प्लॅटिनम मेंबरच्या नाश्त्याचे पैसे कोण भरतो?

गोव्यातल्या आपल्या लोकांना मोठी हॉटेले नवी नाहीत. बहुतेक घरांत कोणी ना कोणी तिथे नोकरीला असतो. पर्वरीच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेतून शिकून बाहेर पडलेली मुले मुंबई-दुबईपासून क्रूझ जहाजांपर्यंत पोचली आहेत. पण त्याच हॉटेलात पाहुणा म्हणून जायची वेळ आली की आपण थोडे बिचकतो. कामासाठी मुंबईत दोन रात्री, बंगळूरला भाचीचे लग्न, पुण्यात मुलाचा पदवीदान समारंभ. खोली फोनवरून बुक होते, रिसेप्शनवर आधार कार्ड पुढे केले जाते आणि काउंटरपलीकडची मुलगी विचारते, ‘सर, आमच्या प्रोग्रामचे मेंबर आहात का?’ बरेच जण नाही म्हणून किल्ली घेतात. काही जण हो म्हणतात, पण त्या ‘हो’मुळे आपल्याला नेमके काय मिळायला हवे हे त्यांनाही ठाऊक नसते.

पणजीतल्या एका मोठ्या हॉटेलच्या फ्रंट ऑफिसात मी बरीच वर्षे काम केले. काउंटरच्या आतल्या बाजूने पाहताना एक गोष्ट पक्की लक्षात आली. मेंबरला मिळणाऱ्या प्रत्येक सवलतीचे पैसे कोणाच्या तरी खिशातून जातात. ते कोणाच्या खिशातून जातात हे समजले की कुठली सवलत हक्काची, कुठली मागावी लागणारी आणि कुठली त्या दिवशीच्या गर्दीवर अवलंबून, हे आपले आपल्याला ओळखता येते. माहितीपत्रकातली चकचकीत वाक्ये हे सांगत नाहीत, म्हणून हा लेख.

इमारत एकाची, पाटी दुसऱ्याची

पणजीत मांडवीच्या काठावर १९५२ साली, सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनाला येणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून हॉटेल मांडवी उभे राहिले. त्या काळी हॉटेल ज्याचे, नाव त्याचे आणि कारभारही त्याचाच, अशी रीत सर्रास होती. आजचे मोठे हॉटेल सहसा तसे नसते. दोना पावलाजवळ वायंगिणीच्या किनाऱ्यावरचे सिदाद द गोवा घ्या. आराखडा चार्ल्स कोरियांचा, मालकी फोमेन्तो समूहाची आणि आज पाटी ताजची. जमीन आणि इमारत मालकाची, भांडवल आणि कर्ज मालकाचे. ब्रँड आपले नाव देतो, आरक्षणाची यंत्रणा देतो, पुष्कळदा व्यवस्थापनही करतो आणि त्याबद्दल उत्पन्नातला आणि नफ्यातला ठरलेला वाटा घेतो. काही ठिकाणी ब्रँड फक्त नाव आणि नियम देतो, हॉटेल मालकच चालवतो. त्याला फ्रँचायझी म्हणतात.

मेंबरशिपचा प्रोग्राम असतो ब्रँडचा. मॅरियटचा बॉनव्हॉय, हिल्टनचा ऑनर्स, हयातचा वर्ल्ड ऑफ हयात, अ‍ॅकॉरचा ऑल. ताजचे पाहुणे २०२२पासून टाटा न्यू या टाटांच्या अ‍ॅपच्या छत्राखाली न्यूकॉइन नावाचे पॉइंट मिळवतात. आता पैसे कसे फिरतात ते पाहू. तुम्ही मेंबर म्हणून खोलीचे भाडे भरले की हॉटेल, म्हणजे मालक, त्यातली ठराविक टक्केवारी प्रोग्रामला देतो. त्या पैशांतून तुमच्या खात्यावर पॉइंट जमा होतात. पुढे तुम्ही पॉइंट मोडून एक रात्र ‘फुकट’ राहिलात की प्रोग्राम त्या हॉटेलला पैसे देतो. बहुतेक साखळ्यांत हे पैसे दोन प्रकारे ठरतात. हॉटेलात जागा रिकामी असेल तर खोली झाडण्यापुसण्याचा, चादरी-टॉवेलचा खर्च निघेल इतकी माफक रक्कम मिळते. हॉटेल जवळजवळ भरलेले असेल तर त्या दिवसाच्या सरासरी भाड्याच्या आसपासची रक्कम मिळते.

हा एक नियम कळला की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. नोव्हेंबरात इफ्फीच्या दिवसांत पणजीत किंवा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गोव्यात कुठेही पॉइंटवर खोली मिळणे कठीण का होते? खोल्या खरोखरच संपतात हे एक कारण. दुसरे असे की पॉइंटवर द्यायची ती ‘स्टँडर्ड’ खोली, आणि कुठल्या खोल्यांना स्टँडर्ड म्हणायचे हे ठरवण्यात हॉटेलला थोडी मोकळीक असते. समुद्राकडे तोंड असलेल्या खोल्या वेगळ्या नावाने विकल्या की स्टँडर्ड खोल्यांची संख्या आपोआप आखडते. यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही. मालकाला त्या दोन आठवड्यांत वर्षाचा मोठा धंदा करायचा असतो. पण पाहुण्याला हे माहीत असावे.

ही पद्धत आली विमान कंपन्यांकडून. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१मध्ये प्रवाशांना मैलांचे बक्षीस द्यायला सुरुवात केली आणि १९८३मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियटने हॉटेलांसाठी तसेच प्रोग्राम काढले. २०१६मध्ये मॅरियटने स्टारवूड ही साखळी विकत घेतली आणि दोघांचे जुने प्रोग्राम एकत्र करून २०१९मध्ये बॉनव्हॉय हे नाव दिले. गोव्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की मिरामारचे मॅरियट, वागातोरचे डब्ल्यू आणि मोबोरचे सेंट रेजिस, चेहरामोहरा अगदी वेगवेगळा असूनही, एकाच खात्यात मोजले जातात.

एका पॉइंटचे किती पैसे?

पॉइंट म्हणजे जत्रेतल्या स्टॉलवर घेतलेल्या कुपनांसारखे. त्या मैदानात चालतात, बाहेर नाही, आणि एका कुपनाला किती भजी द्यायची ते स्टॉलवाला ठरवतो. म्हणून खात्यावर पन्नास हजार पॉइंट आहेत या आकड्याने हरखून जाण्याआधी त्याचे रुपये करून पाहावेत.

हिशेबासाठी एक काल्पनिक खोली धरू. भाडे ₹१२,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ₹२,१६०, एकूण ₹१४,१६०. पॉइंट मिळतात ते कर सोडून उरलेल्या भाड्यावर. बॉनव्हॉयमध्ये बहुतेक ब्रँडला एका डॉलरमागे १० पॉइंट मिळतात. डॉलर ₹९० धरला तर ₹१२,००० म्हणजे साधारण १३३ डॉलर, म्हणजे १,३३३ पॉइंट. आता हीच खोली पॉइंटवर घ्यायची तर २५,००० लागतात असे समजा. १४,१६० भागिले २५,०००, म्हणजे एका पॉइंटला सुमारे ५७ पैसे. तुमच्या एका रात्रीच्या १,३३३ पॉइंटची किंमत झाली साधारण ₹७५५. भाड्याच्या मानाने सहा टक्क्यांच्या थोडे वर. एकोणीस रात्री भाडे भराल तेव्हा विसावी रात्र पॉइंटवर निघेल.

सहा टक्के वाईट नाहीत. पण कोणी ‘पॉइंट मिळतात’ म्हणून दहा हजारांच्या चांगल्या हॉटेलऐवजी बारा हजारांचे घेत असेल, तर तो सातशे रुपयांसाठी दोन हजार घालवतो आहे. असे करणारे शिकले-सवरलेले लोक मी काउंटरवर पाहिले आहेत आणि दर वेळी मला वाईट वाटले आहे.

वरच्या हिशेबात करासकट ₹१४,१६० धरले, कारण पॉइंटने घेतलेल्या रात्रीवर खोलीचा कर सहसा वेगळा आकारला जात नाही. तरी आरक्षण पक्के करण्याआधी शेवटच्या पानावर कराच्या ओळीत काय लिहिले आहे ते पाहून घ्यावे.

पॉइंटची किंमत एकच राहत नाही, ही दुसरी महत्त्वाची बाब. पूर्वी प्रत्येक हॉटेलची श्रेणी ठरलेली असे आणि त्या श्रेणीला किती पॉइंट लागतील याचा छापील तक्ता असे. मॅरियटने २०२२मध्ये हा तक्ता काढून टाकला. आता पॉइंटचा भाव खोलीच्या भावाबरोबर वरखाली होतो. जी खोली जुलैत १८,००० पॉइंटना दिसेल, तीच नाताळात कितीतरी महाग. उलट काही ठिकाणी भाव बांधलेला आहे. टाटाचा एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया. अ‍ॅकॉरमध्ये २,००० पॉइंट म्हणजे बिलात ४० युरोची सूट. बांधलेल्या भावात मोठे घबाड हाती लागत नाही, पण हिशेब सरळ राहतो, आणि वर्षातून तीन-चार वेळाच हॉटेलात उतरणाऱ्या कुटुंबाला मला तोच बरा वाटतो.

पॉइंट साठवून ठेवण्यात शहाणपण नाही. पैसा बँकेत ठेवला तर व्याज तरी मिळते. पॉइंटला व्याज नाही, आणि उद्या त्याच खोलीला जास्त पॉइंट लागतील हे कंपनी एका रात्रीत ठरवू शकते. पुरेसे जमले की वापरून टाकावेत. बॉनव्हॉय आणि हिल्टनमध्ये पॉइंटवर सलग पाच रात्री घेतल्या तर एक रात्र पॉइंटशिवाय मिळते. फक्त हिल्टनला त्यासाठी किमान सिल्व्हर पातळी लागते. लांबच्या मुक्कामाला ही सवलत जमेस धरावी.

गोल्ड सगळीकडे सारखे नसते

पॉइंट वेगळे आणि पातळी वेगळी. पॉइंट खर्च करायचे असतात, तर पातळी ठरते वर्षात किती रात्री राहिलात त्यावरून. बॉनव्हॉयमध्ये १० रात्रींना सिल्व्हर, २५ला गोल्ड, ५०ला प्लॅटिनम, ७५ला टायटॅनियम. हयातमध्ये १०, ३० आणि ६० अशा तीन पायऱ्या आहेत. बॉनव्हॉयमध्ये स्वस्त ब्रँडमधली रात्र आणि राजेशाही ब्रँडमधली रात्र, दोन्ही एकेकच मोजल्या जातात. औषध कंपनीच्या कामाने महिन्यातून पाच दिवस फिरतीवर असणारा माणूस साध्या हॉटेलांत राहून प्लॅटिनम होतो आणि मग सुट्टीत कुटुंबाला घेऊन चांगल्या हॉटेलात गेला की त्याला ते सगळे मान मिळतात. या प्रोग्रामचा खरा फायदा कोणाला होत असेल तर अशा माणसाला. भाडे कंपनी भरते, रात्री त्याच्या नावावर जमतात.

नाव तेच असले तरी मिळकत तीच असेल असे समजू नका. हिल्टनच्या गोल्ड मेंबरला भारतात नाश्ता मिळतो. मॅरियटच्या गोल्ड मेंबरला तो मिळत नाही, त्यासाठी प्लॅटिनम व्हावे लागते. आणि प्लॅटिनमलाही सगळ्या ब्रँडमध्ये नाही, रिट्झ-कार्लटन त्यातून वगळले आहे.

आता शीर्षकातला प्रश्न. प्लॅटिनम मेंबरने खाल्लेल्या इडली-ऑम्लेटचे पैसे कोण भरतो? बहुतेक करारांत मालकच, म्हणजे ते हॉटेल. काही ठिकाणी प्रोग्राम थोडा भाग परत करतो. म्हणून हॉटेल नियमाबाहेर एक घासही देत नाही, आणि नियमात आहे ते मात्र नाकारत नाही, कारण तक्रार गेली तर ब्रँडकडून जाब विचारला जातो. मॅरियटच्या बऱ्याच ब्रँडमध्ये, विशेषतः रिसॉर्टमध्ये, चेक-इनच्या वेळी विचारतात, ‘वेलकम गिफ्ट म्हणून पॉइंट हवेत की नाश्ता?’ घाईत ‘पॉइंट’ म्हणाल तर साधारण हजार पॉइंट मिळतील. वरच्या भावाने त्याचे झाले पाच-सहाशे रुपये. अशा हॉटेलात दोघांचा नाश्ता त्याच्या कितीतरी पट पडतो. नाश्ता मागा. आणि मागताना दोन गोष्टी विचारून घ्या: किती जणांचा, आणि बरोबरच्या मुलांचे काय. वाद होतात ते नेमके इथे, चेक-आउटच्या बिलावर.

लाऊंजचेही असेच. शहरातल्या हॉटेलात वरच्या मजल्यावर लाऊंज असते, संध्याकाळी तिथे खाणे-पिणे मिळते आणि दोघांचे रात्रीचे जेवण त्यातच भागते. रिसॉर्टमध्ये लाऊंज बऱ्याचदा नसतेच, आणि असले तरी मेंबरला ते मिळेलच असे नियम सांगत नाही.

आणि इथे गोव्याच्या पाहुण्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज होतो, म्हणून थोडे थांबतो.

बॉनव्हॉयचा प्लॅटिनम आणि हयातचा ग्लोबलिस्ट (साठ रात्रींची सर्वांत वरची पायरी) यांना दुपारी चारपर्यंत खोली ठेवण्याचा हक्क आहे. पण त्याच वाक्यात पुढे लिहिलेले असते की रिसॉर्टमध्ये हे ‘उपलब्धतेनुसार’. मुंबई-पुण्याच्या बिझनेस हॉटेलात चारचा चेक-आउट हे वचन आहे. गोव्यात ती विनंती होते, कारण आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या हॉटेलांच्या नावातच रिसॉर्ट असते. मुंबईहून आलेला प्लॅटिनम मेंबर काउंटरवर तावातावाने सांगतो, ‘बीकेसीला मला नेहमी चार मिळतात.’ त्याचे खरे असते आणि काउंटरवरच्या आपल्या मुलीचेही खरे असते. दोघांनी वाचलेला नियम एकच, हॉटेलचा प्रकार वेगळा.

कारण समजून घ्यायला हाउसकीपिंगकडे पाहावे लागते. बिझनेस हॉटेलातले बहुतेक पाहुणे सकाळी आठ-नऊलाच मीटिंगला बाहेर पडतात, उशिरापर्यंत खोली मागणारे थोडेच. रिसॉर्टमध्ये सगळ्यांनाच दुपारपर्यंत पोहायचे असते, मोपा किंवा दाभोळीहून विमान रात्रीचे असते, आणि त्याच वेळी पुढचे कुटुंब लहान मुलांना घेऊन लॉबीत येऊन बसलेले असते. हाउसकीपिंगच्या एका मुलाकडे पाळीत बारा-पंधरा खोल्या असतात. त्यातल्या चार खोल्या चारला रिकाम्या झाल्या तर त्या तयार होऊन संध्याकाळ उजाडते. इथे सवलतीची किंमत पैशात मोजायची नसते, ती त्या मुलाच्या पाठीवर आणि लॉबीत ताटकळणाऱ्यांच्या वेळेवर पडते. म्हणून गोव्यात उशिराचा चेक-आउट आदल्या रात्री मागावा, सकाळी अकराला नव्हे. आदल्या रात्री सांगितले की त्या खोलीला दुसऱ्या दिवशी उशिरा येणारा पाहुणा जोडून ठेवता येतो.

अपग्रेड कुणाला मिळतो

अपग्रेडबद्दल लोकांच्या मनात फार गूढ कल्पना आहेत. सूट-बूट घालून जावे, लग्नाचा वाढदिवस आहे म्हणून सांगावे, वगैरे. खरी पद्धत साधी आहे. दुसऱ्या दिवशी येणाऱ्यांची यादी, अरायव्हल रिपोर्ट, आदल्या संध्याकाळी निघते. प्रत्येक नावापुढे पातळी, किती रात्री, कुठल्या दराने, कुठून बुकिंग आणि काय विनंती हे लिहिलेले असते. रूम कंट्रोलर ती यादी घेऊन बसतो. विकले गेलेले सुईट आधी बाजूला निघतात. उरलेल्यांतले काही शेवटच्या घटकेला विकले जातील म्हणून राखले जातात. जे तरीही रिकामे राहणार, ते वरच्या पातळीच्या मेंबरपासून खाली वाटत येतात. रिकामा सुईट मेंबरला दिला तर मालकाचे फारसे काही जात नाही, उलट साधी खोली विकायला मोकळी होते. म्हणूनच ही सवलत देताना हॉटेल हात आखडत नाही, जागा असेल तेव्हा.

जागा कधी असते याचे गणित शहर आणि गोवा यांच्यात नेमके उलटे आहे. मुंबई, पुणे, बंगळूरच्या बिझनेस हॉटेलांत मंगळवार-बुधवारच्या रात्री सगळ्यांत भरलेल्या, शनिवार-रविवार मोकळे. गोव्यात शुक्रवार ते रविवार तुडुंब, मंगळवार-बुधवार निवांत. गोव्याच्या माणसाला हे फार सोयीचे आहे. शनिवारी मुंबईला जा, तिथे हॉटेल रिकामे असते. फक्त लग्नाचे मुहूर्त पाहून घ्या, कारण मुहूर्ताच्या शनिवारी शहरातले मोठे हॉटेलही एका वऱ्हाडाने भरून जाते. आणि स्वतःच्याच राज्यात एखादी रात्र मजेत घालवायची तर जुलै-ऑगस्टमधला आठवड्याचा मधला दिवस निवडा. भाडे उतरलेले असते, पॉइंटचा भाव उतरलेला असतो, वरच्या पातळीच्या मेंबरला सुईट मिळण्याची शक्यता वर्षात सर्वाधिक असते. पावसात मांडवी पाहायला मिळते ती वेगळीच.

एका रात्रीच्या पाहुण्याला अपग्रेड सोपा पडतो, चार रात्रींच्या पाहुण्याला अवघड, कारण सुईट सलग चार रात्री रिकामा असावा लागतो. अ‍ॅपवर येण्याची वेळ आणि विनंती आदल्या दिवशी लिहून ठेवली तर ती रूम कंट्रोलरच्या नजरेस पडते. काउंटरवर मात्र एक काळजी घ्या. ‘आणखी तीन हजारांत सी व्ह्यू देतो’ असे विचारले जाते तेव्हा ती विक्री असते, आणि त्या विक्रीवर बऱ्याच हॉटेलांत कर्मचाऱ्याला बक्षीस असते. ते घेण्याआधी शांतपणे विचारा, ‘माझ्या मेंबरशिपवर आज काही अपग्रेड आहे का?’ या एका वाक्याने बहुतेक वेळा काम होते. आवाज चढवल्याने खोली मोठी झाल्याचे मी कधी पाहिले नाही.

बुकिंग कुठून केले यावर सगळे अवलंबून

मेकमायट्रिप, बुकिंग डॉट कॉम अशा संकेतस्थळांवरून खोली घेतली तर पॉइंटही नाहीत, रात्रही मोजली जात नाही आणि पातळीच्या सवलती द्यायला हॉटेल बांधील नसते. कारण पुन्हा खिशाचेच. त्या संकेतस्थळाला हॉटेल मोठे कमिशन देते, वर प्रोग्रामलाही पैसे द्यायचे तर मालकाच्या हाती काय उरणार? मेंबरसाठी ब्रँडच्या स्वतःच्या अ‍ॅपवर थोडा कमी दर ठेवलेला असतो तो या वाचलेल्या कमिशनमधून. दोन्हीकडचे भाव ताडून पाहावेत. बाहेर खूपच स्वस्त मिळत असेल आणि तुम्हाला पातळीची गरज नसेल तर खुशाल बाहेरून घ्या. पण मग काउंटरवर प्लॅटिनम कार्डाचा आग्रह धरू नये.

लग्नाच्या खोल्यांचा प्रश्न गोव्यात नेहमी येतो. यजमानाने सगळ्या खोल्यांचे एकत्र बिल भरले असेल तर पाहुण्यांना सहसा पॉइंट मिळत नाहीत. स्वतःचे बिल स्वतः भरत असाल तर मेंबरशिपचा नंबर देऊन ठेवा. एकाच मेंबरने तीन खोल्या घेतल्या, त्यांचे पैसे भरले आणि स्वतःही तिथे राहिला तर बॉनव्हॉय तिन्हींचे पॉइंट देते, रात्र मात्र त्याच्या एकाच खोलीची धरते.

दर कमी होण्याचा एक फायदा बिलाच्या तळाशी लपलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५पासून दिवसाला ₹७,५००पर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावर गेलात की १८ टक्के. समजा दर ₹७,८००. कर धरून ₹९,२०४. मेंबरला पाच टक्के सूट मिळाली तर दर होतो ₹७,४१०, कर लागतो ५ टक्के, आणि बिल ₹७,७८०च्या आसपास. तीनशे नव्वदची सूट, बचत चौदाशेच्या वर. साडेसात हजारांच्या आगेमागे भाव असेल तेव्हा पॉइंटपेक्षा या सीमारेषेकडे आधी पाहा.

बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला दिसला तर तो देणे तुमच्या इच्छेवर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ला तसे निर्देश काढले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये ते उचलून धरले. काढायला सांगितले की काढतात. जेवण वाढणाऱ्या मुलाला काही द्यावेसे वाटले तर ते त्याच्या हातात द्या.

प्रवास कमी असेल तर पातळी कार्डावरही मिळते. एचडीएफसी बँक आणि मॅरियटचे कार्ड २०२३मध्ये आले. वार्षिक शुल्क ₹३,००० अधिक जीएसटी, त्यावर सिल्व्हर पातळी, दरवर्षी १० रात्रींची जमा आणि १५,००० पॉइंटपर्यंतची एक मोफत रात्र. ती एक रात्र खरोखर वापरणार असाल तर शुल्क वसूल होते. कार्डांचे नियम वारंवार बदलतात, तेव्हा अर्जाच्या दिवशीचे नियम वाचून सही करा. आणि बिल दर महिन्याला पूर्ण फेडता येणार नसेल तर या वाटेला जाऊ नये, कारण क्रेडिट कार्डाच्या व्याजापुढे सहा टक्क्यांचे पॉइंट टिकत नाहीत.

मेंबर होणे मोफत आहे, आणि ज्या शहरात तुमचे खरोखर जाणे-येणे आहे तिथे ज्या साखळीची हॉटेले तुमच्या बजेटात बसतात तीच निवडावी. मुंबई-पुण्यात साध्या मुक्कामाला ताजच्याच समूहातले जिंजर घेणाऱ्याने न्यूकॉइन जमवावेत आणि पणजीत विवांतात किंवा मुंबईत ताजमध्ये एखाद्या जेवणाला वापरावेत, हे अगदी रास्त. तीन साखळ्यांत पाच-पाच रात्री विखुरल्या तर कुठेच काही होत नाही.

खाते उघडताना नाव आधार कार्डावर जसे आहे तसेच लिहा. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचे नाव असते, दुसऱ्यावर नसते, पासपोर्टवर आडनाव आधी येते, लग्नानंतर बायकांची नावे बदललेली असतात. नाव जुळले नाही की रात्री जमा होत नाहीत आणि मग ई-मेल करत बसावे लागते. चेक-आउटचे बिल पॉइंट खात्यावर दिसेपर्यंत जपून ठेवा. साधारण आठवडा-दहा दिवसांत ते दिसायला हवेत, न दिसल्यास अ‍ॅपवरून त्याच बिलाचा नंबर देऊन मागता येतात. बॉनव्हॉय आणि हिल्टनमध्ये खात्यावर २४ महिने काहीच हालचाल नसली तर सगळे पॉइंट जातात, पण थोडेसे पॉइंट मिळवले किंवा वापरले तरी मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. नवराबायको दोघांची खाती असतील तर हिल्टनमध्ये पॉइंट एकत्र करता येतात, बॉनव्हॉयमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे पाठवता येतात, त्यामुळे दोघांकडे अर्धेमुर्धे पडलेले पॉइंट मिळून एखादी रात्र होते का, ते मुदत संपण्याआधी पाहून घ्या.